उपाशी बरणीची हकिगत

सॉल्ट लेक, कोलकाता.
ज्येष्ठातला बुधवार. (तिथी देता येत नाही. कॅलेंडरच्या त्या पानावर तुम्ही पाठवलेल्या शेवाळाचं पाणी सांडलं आहे.)

ती. श्रीधरदादा यांना श्यामकांतचा वाकून नमस्कार. पुष्पावहिनींनाही सांगावा. तुमच्या डाव्या गुडघ्याची चौकशी वेगळी करतो, कारण गेल्या फोनवर तुम्ही स्वतःपेक्षा त्याच्याबद्दलच जास्त बोललात. आम्ही दोघं बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. दोघांतली एक खरोखरच बरी आहे.

हे पत्र ज्या टेबलावर लिहितो आहे ते मी केलं आहे. टेबलावरचा दिवा मी केला आहे. त्याची मान हवी तशी वळते आणि वळवली तिथेच राहते (बाजारातल्या दिव्यांची मान दोन महिन्यांत पडते, हे मागे तुम्हीही मान्य केलं होतंत). बसलो आहे ती खुर्ची, मागच्या भिंतीवरचं देवघर, गच्चीवरची वाळवणाची दुमजली जाळी, कालिंदीच्या डब्याचं न गळणारं झाकण, न्हाणीघरातला बादली भरली की आपोआप बंद होणारा नळ, हे सगळं माझ्या हातचं. आणि त्याच न्हाणीघरात, नळाच्या डाव्या बाजूला, एक मोठं आतडं आहे. तेही मीच केलं आहे. यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. हे मिरवायला म्हणून लिहीत नाही. घर बुडताना माणूस आपल्याकडे काय काय होतं ते एकदा नजरेखालून घालतो, तसं समजा.

तुम्ही फोनवर दर वेळी विचारता की आपल्या बहिणीचं, कालिंदीचं कसं काय, आणि मी दर वेळी म्हणतो, पत्रात सविस्तर लिहितो. 'आजकाल पत्र कोण लिहितं?' असं वहिनी मागून म्हणाल्याचं ऐकू आलं. त्याचं कारण इतकंच की या फ्लॅटच्या भिंती मी बांधलेल्या नाहीत. एका खोलीत फोनवर बोललेलं दुसऱ्या खोलीत स्पष्ट ऐकू येतं. पत्राला मात्र आवाज नसतो. (वहिनी ते मोठ्याने वाचतात हे मला ठाऊक आहे. त्याचीही सोय पुढे केली आहे.)

तर सुरुवातीपासून. फाल्गुनात कालिंदीला ताप आला. तुम्हाला तेव्हा 'साधा ताप' असं कळवलं होतं, तो साधा नव्हता. अँटिबायोटिकचा एक कोर्स झाला, ताप हटेना म्हणून दुसरा झाला, आणि दुसऱ्याने ताप गेला. पण जाताना तो एकटा गेला नाही. पोटात जे आपले बिचारे भले जंतू वर्षानुवर्षं इमानाने राबत असतात तेही त्या धुमश्चक्रीत गेले. सारं पोट ओसाड पडलं. जी बाई भरल्या वांग्याच्या नुसत्या वासावर दोन पोळ्या खाते ती ताटाकडे पाहून मान फिरवायला लागली. मऊ भात, त्यावर मीठ, तेही चार घास. ब्लाउज ढगळ झाले. बँकेने रजा दिली. डॉक्टर म्हणाले, 'टाइम लगेगा.' टाइम म्हणजे किती, असं मी विचारलं, तर ते पुढच्या पेशंटकडे बघायला लागले. मला 'लागेल' हे उत्तर चालत नाही, दादा. कुठलाही पंप 'केव्हातरी चालेल' असं म्हणून मी कधी कोणाला परत दिलेला नाही.

इथे थोडं माझ्याबद्दल. (तुम्ही कंटाळलात तर पुढच्या परिच्छेदावर जा, पण मग पुढचं नीट समजणार नाही.) कालिंदीची बढती झाली तेव्हा मी सांगलीच्या पंपाच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि तिच्या बदल्यांच्या मागे निघालो. नागपूर, भोपाळ, विशाखापट्टणम, आता हे. मी ती हौसेने सोडली, याबद्दल तुमच्या मनात काही असेल तर काढून टाका. पण प्रत्येक नव्या गावी आपली मराठी माणसं जमली की आधी तिला विचारतात, 'कुठल्या ब्रांचला?' आणि मग माझ्याकडे वळून, 'आणि आपण?' त्या 'आणि आपण'चं उत्तर मी गेली वीस वर्षं दिवे, नळ आणि झाकणं करून देतो आहे. ते उत्तर अजून कोणाला पुरलेलं नाही. सॉल्ट लेकमध्ये तर एका गृहस्थांनी माझा दिवा चहूबाजूंनी पाहिला, मान वळवून पाहिली आणि म्हणाले, 'छान छंद आहे.' छंद! त्या दिवशी मी जेवलो नाही.

तेव्हा कालिंदीचं पोट मी दुरुस्त करायचं ठरवलं, यात नवल नाही. वाचायला बसलो. जे जे मिळालं ते वाचलं, परस्परविरोधी होतं तेही वाचलं. समुद्री शेवाळात साखरेचे कण एकमेकांना जोडून झालेल्या लांबच लांब माळा असतात. त्यांना पॉलिसॅकराइड म्हणतात. आपल्या पोटाकडे ती माळ तोडायची कात्रीच नाही. त्यामुळे ती लहान आतड्यातून अख्खीच्या अख्खी मोठ्या आतड्यात उतरते. तिथल्या भल्या जंतूंपैकी काहींकडे ती कात्री असते. ते माळ तोडतात, खातात, वाढतात आणि मोबदल्यात काही सौम्य आम्लं सोडतात, ज्यांच्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. म्हणजे ते जेवण आपलं नव्हेच. आपण नुसते हमाल. ही कल्पना मला इतकी आवडली की मी ती कालिंदीला समजावून सांगितली. ती उशीवर डोकं टेकून पडली होती. म्हणाली, 'म्हणजे इतकी वर्षं मी सकाळी उठून जंतूंसाठी पोळ्या लाटत होते का?' मला त्यात आशेचा किरण दिसला, कारण ती आठवड्याभरात पहिल्यांदाच काहीतरी खवचट बोलली होती.

पण कुठल्या शेवाळाची माळ कुठल्या जंतूंना आवडते यावर जगात एकमत नाही. शिवाय शेवाळात आयोडीन असतं, समुद्रातला नको तो धातूही असतो. बायकोवर प्रयोग करणारा माणूस मी नव्हे. म्हणून आधी यंत्र, मग बायको, असा क्रम ठरवला. दोन काचेच्या मोठ्या बरण्या घेतल्या. माशांच्या टाकीतला हीटर लावून त्या शरीराच्या उबेला ठेवल्या. आतली हवा काढून सोड्याचा वायू भरला, कारण या जंतूंना आपली हवा सोसत नाही. ढवळायला जुन्या मिक्सरची मोटर, तिचा वेग माणसाच्या पोटाइतका मंद करायला पंख्याचा रेग्युलेटर. उजेड लागू नये म्हणून दोन्हींना आईच्या जुन्या गोधडीचे तुकडे गुंडाळले. भरवण्यासाठी सलाइनची नळी आणि तिला चिमटा. आणि दोन्हींमध्ये मूळ विरजण म्हणून कालिंदीचंच... ते तुम्ही समजून घ्या. ते मिळवण्यासाठी ज्या वाटाघाटी झाल्या त्या लिहीत नाही. तिने बँकेत भल्या भल्या थकबाकीदारांना सरळ केलं आहे. मी तर घरचा.

एका बरणीवर मी चिठ्ठी लावली: 'शेवाळ'. दुसरीला शेवाळ द्यायचं नव्हतं. तिला जगण्यापुरतं खारं पाणी आणि क्षार, बाकी काही नाही. म्हणजे शेवाळवाली वाढली आणि ही वाढली नाही, तर श्रेय शेवाळाचं, हे सिद्ध व्हावं. शास्त्रात असा जोडीदार ठेवावाच लागतो, नाहीतर कोणीही काहीही म्हणतं. या दुसरीवर मी चिठ्ठी लावली: 'उपाशी'. मोठ्या, सुवाच्य अक्षरांत. माझं अक्षर तुम्ही जाणताच.

शेवाळासाठी आधी मी लोकलने हुगळीकाठच्या बजबज गावी जाऊन आलो. तिथे नदी समुद्राएवढी रुंद आहे, म्हणून फसलो. शेवाळ मिळालं ते गोड्या पाण्याचं, त्याला तेलाच्या डेपोचा वास, आणि घाटावरच्या एका बाईने 'पडाल!' म्हणून मला जे झापलं त्यातलं निम्मं बंगाली मला आता पाठ आहे. मग तुम्हाला लिहिलं आणि तुम्ही रत्नागिरीच्या खडकांवरून चांगलं पोतंभर खरवडून पाठवलंत. उपकार विसरणार नाही. फक्त एवढंच म्हणतो की ते पुरतं वाळलेलं नव्हतं, आणि पार्सल वाटेत कुठेतरी उन्हात बरेच दिवस पडून होतं.

पोतं उघडलं आणि इमारतीत वर्दी गेली. खालच्या मजल्यावर आशिषबाबू राहतात, सोसायटीचे सेक्रेटरी. ते मूळचे इकडचे, म्हणजे घोटी. समोरच्या दारात सुचित्रादी राहतात, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, त्यांचं घराणं फाळणीत तिकडून आलेलं, म्हणजे बांगाल. शुटकी, म्हणजे सुकी मासळी, या एका पदार्थावरून या दोन जातींमध्ये जे आहे ते आपल्याकडे कशावरूनच नाही. बांगालांचा तो जीव की प्राण. घोटी तिच्या नुसत्या नावाने नाक धरतात. आशिषबाबू रुमाल नाकाला लावून वर आले. 'देखिए मोशाय, आप लोग तो भेजिटेरियन बोला था। आब बाड़ी में शुटकी पकाता है? हम घोटी लोग है, गंध सह नहीं सकता।' मी म्हणालो, शुटकी नव्हे, समुद्री शेवाळ, पॉलिसॅकराइड. त्यांनी ते सोसायटीच्या नोटीस बोर्डावर 'पॉली शुटकी' असं लिहिलं. गच्चीवरची माझी दुमजली जाळी (स्वतः केलेली) त्यांनी कुलूप लावून बंद केली.

आणि तेवढ्यात समोरचं दार उघडलं. सुचित्रादींच्या चेहऱ्यावर असा आनंद की जणू परदेशात कोणी आपल्या गावचं भेटलं. 'दादा, आपनारा शुटकी खान? आगे बोलेननि केन?' तुम्ही शुटकी खाता, मग आधी का नाही सांगितलंत! मी परत पॉलिसॅकराइड सांगायला लागलो. त्यांनी हात झटकला. त्यांना वाटलं मराठी माणूस लाजतो आहे. संध्याकाळी एक झाकलेली वाटी घेऊन आल्या, आजारी बाईच्या तोंडाला चव येईल म्हणून. आम्ही खात नाही हे समजावता समजावता माझी पुरेवाट झाली, पण कालिंदीने त्यांना आत बोलावून पलंगाशेजारी बसवलं. वाटी तशीच परत गेली. सुचित्रादी मात्र परत परत यायला लागल्या. मी म्हटलं, येऊ देत, तिचा वेळ जातो. मला तर तो पुरतच नव्हता. रोज दुपारी सुट्या भागांसाठी मी चांदनी मार्केटला जात होतो, कारण यंत्रात रोज काहीतरी मोडत होतं.

आता निकाल. दादा, इथून पुढे मन घट्ट करून वाचा. भले जंतू जेवले की बरणीतला आंबटपणा वाढतो, हेच त्यांच्या जेवणाचं माप. शेवाळाची बरणी पहिल्या आठवड्यात थोडी आंबट झाली, दुसऱ्यात आणखी थोडी. मी कालिंदीला पेढा भरवला (तिने तो पदराआड काढून ठेवला, हे नंतर कळलं). पण तिसऱ्या आठवड्यापासून 'उपाशी' आंबट व्हायला लागली. आधी मी आंबटपणा मोजायच्या मीटरला दोष दिला. मीटर खोलला, धुतला, परत जोडला. 'उपाशी' आणखी आंबट. बुडबुडे यायला लागले. एकदा तिचं झाकण फट्दिशी उडून नळावर आपटलं. जिला मी खाऊ घालत होतो ती कण्हत कुथत चालली होती, आणि जिच्या तोंडात अन्नाचा कण नाही ती दिवसेंदिवस बाळसं धरत होती!

माणूस एकटा असला की अशा वेळी चुकतो. मी चुकलो नाही, मी सिद्धांत मांडला. शरीराला अन्नाची अडचणच होते, उपाशी पोटच खरं पोट, आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं, वगैरे. सात पानं लिहिली. स्वतः दोन वेळचा एक वेळ केला. आणि कालिंदीने रात्री ताट सारलं की मी पूर्वीसारखा गयावया करेनासा झालो. उलट म्हणालो, 'नको तर नको. त्यातच हित आहे.' तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ताट झाकून ठेवलं.

याच सुमारास ऋषभ आला. सेक्टर फाइव्हमध्ये पचनाच्या गोळ्या करणारी एक कंपनी आहे, तिचा तो तरुण मालक. त्यांच्या ढवळायच्या यंत्राची मोटर बंद पडली होती आणि चांदनीच्या दुकानदाराने माझं नाव सांगितलं होतं. मी ती चालू करून दिली, पैसे घेतले नाहीत, फक्त माझं यंत्र बघायला या म्हटलं. त्याने न्हाणीघरात उकिडवं बसून सगळं पाहिलं. गोधडी उचलून पाहिली. सात पानं वाचली. आणि म्हणाला, 'सर, यह आपने अकेले बनाया?' दादा, वीस वर्षांत 'आणि आपण?' न विचारता सरळ असं विचारणारा हा पहिला. शेवाळाच्या बरणीकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. उपाशी राहून फोफावणारे जंतू त्याला हवे होते. यंत्र, बरणी आणि पानं मिळून एक देकार त्याने तिथेच, नळाशेजारी बसून दिला. मी विचार करून सांगतो म्हणालो, आणि थोडी घासाघीस केली, कारण लगेच हो म्हटलं की वस्तूची किंमत उतरते. कालिंदीला सांगितलं नाही. तिला एकदम, सही झाल्यावर, कागदच दाखवायचा होता.

गेल्या सोमवारी चांदनीचा दुकानदार कुठल्याशा लग्नाला गेला होता, दुकान बंद. मी लवकर परतलो. न्हाणीघराचं दार उघडं. आत कालिंदी, पदर खोचून, एका हातात वाटी, दुसऱ्या हातात देवघरातली आचमनाची पळी. नळीचा चिमटा सोडवलेला. ती पळीने काहीतरी पांढरट पाणी 'उपाशी'च्या नळीत ओतत होती, तीर्थ द्यावं तसं, सावकाश.

'काय करतेस?'

दचकली नाही. 'हिला देतेय थोडं.'

'काय देतेयस?'

'पांताचं पाणी. सुचित्रादींकडचं.' (पांता म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून आंबवलेला. उन्हाळ्यात इथे तो मीठ, मिरची आणि कच्चा कांदा घेऊन खातात. गरिबाचं जेवण म्हणतात त्याला, पण सगळे खातात.)

'अगं पण ती उपाशी ठेवायची आहे!'

'तेच ना,' ती म्हणाली. 'एवढं मोठ्ठं लिहून ठेवलंयत. रोज आंघोळीला आलं की समोर. तुम्हीच सांगितलंत ना, यात माझंच पोट आहे म्हणून? मग मी समोर जाऊन पोटभर जेवून येणार आणि माझं पोट इथे न्हाणीघरात उपाशी? घास उतरेना मला. आधी हिची पळी, मग मी जेवते.'

हळूहळू सगळं बाहेर आलं. सुचित्रादींनी तिला एकदा हट्टाने दोन घास भरवले होते, ते राहिले. दुसऱ्या दिवशी चार राहिले. मग रोज दुपारी, मी चांदनीला गेलो की, ती समोर जाऊन पाट मांडून बसायची. रात्री ताट सारायची, कारण पोट भरलेलं असायचं. सुचित्रादींना वाटत होतं की आजारातून उठलेल्या मराठी बाईने जेवणाआधी न्हाणीघरातल्या देवाला नैवेद्य दाखवायचा अशी आपल्यात रीत आहे. म्हणून त्या पहिलं पाणी वेगळ्या वाटीत काढून ठेवायच्या, उष्टं होऊ नये म्हणून. मी विचारलं, शेवाळवालीला का नाही दिलंस? म्हणाली, 'तिला तुम्ही देत होतात की.'

'मला का नाही सांगितलंस?'

'तुम्ही इतकं खपून केलंत. आणि मी बरी होणार शेजारणीच्या शिळ्या भाताने. कसं सांगायचं?'

मी बादलीवर बसलो. (तीही मी... नाही, बादली विकतची आहे.) दादा, माझा सगळा संसार त्या न्हाणीघरात माझ्यासमोर उभा होता आणि त्यात माझ्या हातचं असं काही उरलं नव्हतं. शेवाळाने काही केलं की नाही हे आता कोणालाच कळणार नाही, कारण ज्या बरणीशी तुलना करायची तीच रोज जेवत होती. सात पानं चुलीत घालायच्या लायकीची. कालिंदीच्या पोटात शेवाळाचा एक तुकडाही गेला नाही, आणि ती बरी झाली आहे. पांतामुळे झाली म्हणावं, तर तेही शास्त्राने सिद्ध होत नाही. डॉक्टर म्हणतात, मी म्हणालोच होतो, टाइम. सुचित्रादी म्हणतात, पांता. आशिषबाबू म्हणतात, शुटकी बंद केली म्हणून. प्रत्येकाकडे श्रेय आहे. माझ्याकडे दोन बरण्या आहेत आणि एक पोतं. मी काही शोधलं नाही, काही सिद्ध केलं नाही, आणि जिच्यासाठी हे सारं मांडलं तिला मी, नेमकी तिला भूक लागत असताना, उपाशी राहा म्हणून सांगत होतो. ती बरी झाली ती माझ्यापासून लपून.

काल तिने भरली वांगी केली. तीन पोळ्या खाल्ल्या. मी मोजत नव्हतो, दिसल्या.

मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा. पाण्याची पिशवी गळत असेल तर इकडे पाठवा, झाकण करून देईन, एवढं तरी अजून जमेल असं वाटतं.

तुमचा,
श्यामकांत

ता. क. शेवाळ यापुढे पाठवू नये. उरलेल्याचं धुवण आशिषबाबूंच्या मोगऱ्याच्या कुंड्यांत ओततो (ते नसताना). मोगरा वेड लागल्यासारखा फुलला आहे. ते सगळ्यांना सांगतात, शुटकीचा वास गेल्यापासून हा फरक.

दुसरा ता. क. प्रयोग नव्याने मांडायचा तर एका नमुनेदार, निरोगी, वेळेवर चालणाऱ्या पोटाची गरज आहे, आणि सबंध गोतावळ्यात तशी ख्याती फक्त तुमचीच. थर्मास मी स्वतः बनवून पाठवीन, रुंद तोंडाचा. त्यात सकाळी, पहिल्याच वेळेचं, चमचाभर. शक्य तर वहिनींनी तो स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ठेवावा, वरच्या कप्प्यात, दुधाशेजारी.

तिसरा ता. क. वहिनी पत्र मोठ्याने वाचत असतील तर एव्हाना त्यांनी ते खाली टाकून दिलं असेल. वरची विनंती तेवढ्यासाठीच होती. प्रयोग मी मांडणार नाही. आता तुम्ही एकटेच वाचत आहात असं धरतो, आणि खरं काम सांगतो. गेल्या मंगळवारी सेक्टर फाइव्हला गेलो आणि ऋषभला पळीची गोष्ट सांगितली. तो हसला. म्हणाला, 'सर, एक चम्मच चावल का पानी कौन देखने आएगा? आँकड़े तो आँकड़े हैं।' गोळीचं नाव 'उपाशी' ठेवायचं त्याच्या मनात आहे, आणि डबीवर 'खाना कम, पेट में दम' असं छापायचं. मला एकदम कालिंदी दिसली, फाल्गुनातली, उशीवर. तिच्यासारखी कोणी बाई कुठेतरी ती डबी हातात घेऊन ताट सारेल, आणि शेजारी बसलेला तिचा नवरा म्हणेल, त्यातच हित आहे. मी नाही म्हणून आलो. कालिंदीला हे ऋषभकडून कधीतरी कळणारच, तिचा नंबर त्याच्याकडे आहे (मोटर दुरुस्त केली तेव्हा मीच दिला होता). आणि कळलं की ती एका क्षणात हिशोब करील की आपल्या पळीने हे घालवलं. मग घास पुन्हा अडेल, तिला तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता. म्हणून तिला तुम्हीच आधी सांगा. रविवारी, दुपारी, ती जेवल्यावर. पळीचं नाव काढू नका. सांगा की श्यामकांत ताठ, स्वतःच्या हातची वस्तू परक्याच्या हवाली करायची त्याची तयारी नव्हती, अहंकाराने घालवलं. ती चिडेल, मला दोन दिवस बोलेल, आणि जेवेल. तिला ते सहज पटेल, आतापर्यंत मी त्याची पुरेशी तयारी करून ठेवली आहे. रक्कम मात्र बरोबर सांगा, कारण लोक अशा ठिकाणी मोघम सांगतात: अकरा लाख चाळीस हजार. अकरा त्याने स्वतःहून देऊ केले होते. वरचे चाळीस हजार मी मिळवले होते.